पुस्तकांचे शास्त्र आणि पुस्तकांचे वाचन

श्रोतेहो, मागे एकदा भिवापूरच्या एका तरुणाची गाठ पडली. बी.ए. झालेला, आणि आता नागपूरला ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करणारा. लहानपणापासून वाचनाचे वेड. म्हणूनच हा विषय त्याने निवडला. पण चेहरा उतरलेला होता. मी विचारले, "काय रे, अभ्यास कसा चालला आहे?" तर म्हणाला, "गुरुजी, पुस्तकाईचं शास्त्र शिकाले लागलो, अन् पुस्तक वाचनंच सुटून गेलं पाहा."

मला हसू आले, पण त्याचे दुखणे खरे होते. सकाळी नागपूरला जायचे, दिवसभर तासिका आणि प्रात्यक्षिके, संध्याकाळी घरी परत. रात्री वर्गांक काढण्याचा सराव आणि तालिकेच्या नोंदी. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, व्यवस्थापन. हातातून रोज वीस-वीस पुस्तके जातात, आणि एकही वाचून होत नाही. हलवायाच्या दुकानी राबणाऱ्या पोराला मिठाईचा वास तेवढा मिळावा, तशी ही गत!

अभ्यासक्रम सांभाळायचा की वाचन सांभाळायचे, हा त्या तरुणाचा प्रश्न. हा प्रश्न नवा नाही. ग्रंथालयशास्त्र जन्माला आले तेव्हाच तो त्याच्याबरोबर जन्मला. तेव्हा आज आपण या शास्त्राचा थोडा इतिहास पाहू, आणि ज्यांनी हे शास्त्र घडवले त्यांनी हा पेच कसा सोडवला, तेही पाहू.

प्रथम अमेरिकेकडे वळू. मेल्विल ड्युई हा अॅमहर्स्ट येथील महाविद्यालयाचा विद्यार्थी. १८७२ सालापासून तो तिथल्याच ग्रंथालयात काम करू लागला. म्हणजे आधी विद्यार्थी आणि पोटासाठी ग्रंथालयातला नोकर, अशी त्याची दुहेरी जिंदगी होती. त्या काळी पुस्तकांना कपाटातील जागेप्रमाणे क्रमांक देत. कपाट बदलले की क्रमांक बदलला! ड्युईने विचार केला की क्रमांक जागेला न देता विषयाला दिला तर? एका रविवारी प्रार्थनामंदिरात लांबलेले प्रवचन ऐकत असताना आपल्याला दशांश पद्धतीची कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले आहे. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. १८७६ साली त्याने ही पद्धत ४४ पानांच्या लहानशा पुस्तिकेत छापली. शेतीची पुस्तके आजही या पद्धतीत ६३० पाशी लागतात, आणि शेतातल्या पिकांची ६३३ पाशी.

याच ड्युईने १८८७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी जगातली पहिली शाळा उघडली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते, आणि त्यांपैकी सतरा स्त्रिया! स्त्रियांना शिकवण्यास संस्थेच्या विश्वस्तांचा विरोध होता, म्हणून नेहमीच्या वर्गखोल्या मिळाल्या नाहीत. अखेर एका अडगळीच्या खोलीत टाकाऊ सामान नीट लावून वर्ग भरला. ड्युईच्या पुढील वर्तनावर, विशेषतः स्त्रियांशी आणि ज्यू लोकांशी तो जसा वागला त्यावर, गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि ते योग्यच होते. पण त्या शाळेत सुरू झालेला शिरस्ता टिकला. तालिकेच्या कार्डावर साऱ्यांचे अक्षर सारखे दिसावे म्हणून तिथे अक्षराचे वळणसुद्धा शिकवीत. म्हणजे पाहा, पहिल्या दिवसापासून हा अभ्यासक्रम हाताच्या कामाचा होता. 'पुस्तक वाच' असे तिथे कोणी सांगत नव्हते. वाचन विद्यार्थ्याने घरून आणायचे, असे गृहीत होते. आपल्या भिवापूरच्या तरुणाच्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

आता आपल्या देशात येऊ. हिंदुस्थानात ही विद्या पहिल्याने आणली ती बडोद्याच्या सयाजीराव महाराज गायकवाडांनी. महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरचे. आपल्या संस्थानात त्यांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. पण त्यांच्या ध्यानात आले की मुलगा शाळेतून बाहेर पडला आणि पुढे वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर पुसले जाते. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली मोफत वाचनालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले, आणि १९११ साली बोर्डन यांनी तिथे ग्रंथपालांचा वर्ग चालवला. या देशातला ग्रंथालयशिक्षणाचा आरंभ तोच.

बोर्डन गेल्यावर ही चळवळ पुढे नेणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे मराठी गृहस्थ होते. बडोद्याहून निघणाऱ्या ग्रंथालयविषयक त्रैमासिकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीनही भाषांना जागा होती. खेड्यांसाठी तिथे सोपा नियम केला होता. गावाने वाचनालयासाठी एक वाटा जमवावा, मग तेवढाच वाटा प्रांतपंचायत देई आणि तेवढाच सरकार देई. ज्या गावात वाचनालय नाही तिथे लाकडी पेटीत पुस्तके घालून फिरते वाचनालय पाठवीत. आता विचार करा, ती पेटी कोणी भरायची? कोणत्या गावाला शेतीची पुस्तके द्यायची, कुठे गोष्टींची, कुठे स्त्रियांसाठी? नुसता क्रमांक ठाऊक असणाऱ्या माणसाला ही पेटी भरता येणार नाही. त्यासाठी पुस्तक आतून माहीत हवे आणि गावही माहीत हवे.

याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कला, त्याच कोलंबियात गेला. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते काही ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी नव्हते. पण अभ्यासक्रम आणि वाचन यांची सांगड कशी घालावी, हे त्यांच्याकडून शिकावे. तीन वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि आणखीही काही. आणि हे सारे चालू असताना ते जुनी पुस्तके विकत घेत राहिले. अशी सुमारे दोन हजार पुस्तके जमली. १९१७ साली लंडनहून परतताना सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. महायुद्धाच्या धामधुमीत ती बोट बुडवली गेली, आणि तो संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. तरी माणूस खचला नाही. पुढे मुंबईच्या राजगृहात त्यांनी पुन्हा प्रचंड ग्रंथसंग्रह उभा केला. पुस्तके बुडाली, पण वाचलेले बुडाले नव्हते. परीक्षेसाठी वाचलेले आणि जगण्यासाठी वाचलेले असे दोन कप्पे त्यांनी केलेच नाहीत. वर्गात जो प्रश्न निघे, त्याचाच माग ते ग्रंथालयात काढीत.

आता ज्यांना आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो, त्या डॉ. रंगनाथन यांच्याकडे येऊ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा. तंजावर जिल्ह्यातले हे गृहस्थ मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्यांची या विषयातली तयारी किती होती? एका ज्ञानकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचून ते गेले होते, एवढीच! नेमणूक झाली, पण तिथे वाचक फिरकत नसत. दिवसभर एकट्याने बसून राहायचे. शिकवण्याची सवय असलेल्या माणसाला हे कसे रुचावे? थोड्याच दिवसांत ते जुन्या महाविद्यालयात जाऊन 'मला परत घ्या' म्हणू लागले. त्यांना सांगण्यात आले, 'आधी विलायतेला जाऊन हे शास्त्र शिकून या. त्यानंतरही कंटाळा आला, तर परत घेऊ.'

रंगनाथन लंडनला गेले आणि विद्यापीठाच्या ग्रंथपालन शाळेत बसू लागले. तिथे बेरविक सेयर्स हे वर्गीकरणाचे जाणते शिक्षक होते, आणि स्वतः क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही. रंगनाथन केवळ वर्गात बसून राहिले नाहीत. सेयर्स यांच्या मार्गदर्शनाखाली ते प्रत्यक्ष काम पाहू लागले. इंग्लंडातील शंभरावर ग्रंथालये त्यांनी पायाखाली घातली. मजूर, गृहिणी, मुले, सारी तिथे येतात आणि आपापले पुस्तक घेऊन जातात, हे पाहून त्यांचे डोळे उघडले. एकदा लंडनच्या एका दुकानात त्यांनी लहान मुलांचा खेळ पाहिला. धातूच्या पट्ट्या, चाके, खिळे. तेच तुकडे निरनिराळ्या तऱ्हांनी जोडून निरनिराळी यंत्रे तयार होतात. त्यांच्या मनात आले, विषयांचेही असेच असेल तर? प्रत्येक पुस्तकाला आधीपासून तयार क्रमांक शोधण्यापेक्षा, विषयाचे तुकडे जोडून क्रमांक रचता आला तर? यातून त्यांची 'कोलन' वर्गीकरण पद्धती जन्मली. ती १९३३ साली छापली गेली. १९२५ साली बोटीने परतताना त्यांनी बोटीवरच्या ग्रंथालयातील पुस्तके या पद्धतीने लावून पाहिली, असे सांगतात. आणि मद्रासला उतरल्यावर कंटाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही!

श्रोतेहो, या गोष्टीतले मर्म पाहा. कंटाळलेला तोच माणूस, विषयही तोच. मग बदलले काय? आधी त्यांनी पुस्तके पाहिली होती, पण वाचक पाहिला नव्हता. लंडनला त्यांनी वाचक पाहिला, आणि कोरड्या शास्त्रात जीव आला. १९२८ साली एका शिक्षण परिषदेत त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे प्रथम मांडली, आणि १९३१ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा त्या पाच सूत्रांचा गाभा. या पाचांत तालिकेचे कार्ड किंवा वर्गांक यांचे नावही नाही. ती साधने होत. साध्य आहे तो वाचक.

त्याच १९३१ साली तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. गाडीत पुस्तके भरून ती गावोगाव जाई. बैलगाडी आपल्याला नवी नाही. कापूस आणि मिरची तिच्यातून बाजारात नेली, बाया-माणसे तिच्यातून जत्रेला गेली. तीच गाडी पुस्तके घेऊन गावात शिरते, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

आता आपल्या नागपूरकडे या. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. पण पुढे कित्येक वर्षे इकडच्या ज्या तरुणास ग्रंथपालन शिकायचे असेल त्याला मद्रास, मुंबई किंवा बनारस गाठावे लागे. १९५६ साली नागपूर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू झाले, आणि ही विद्या विदर्भाच्या दाराशी आली. तेव्हा उमरेड-भिवापूरकडून नागपूरला येण्याचे हमखास साधन म्हणजे नागभीडची छोटी गाडी. त्या अरुंद रुळांवरून ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून धावत होती. डुलत डुलत, प्रत्येक ठेसनावर थांबत येई. घाई असणाऱ्याने तिच्यात बसू नये, असे लोक थट्टेने म्हणत. पण वाचणाऱ्याला तिच्यासारखी जागा नाही! २०१९ च्या नोव्हेंबरात रूळ रुंद करण्यासाठी ती बंद झाली. बसने जाणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला तसा निवांतपणा नाही, हे मीही मान्य करतो. बस हलते, डोळे दुखतात, उभे राहावे लागते.

तेव्हा वेळ कमी आहे, हे खरे. पण त्या तरुणाला मी जे सांगितले, ते वेळेबद्दलचे नव्हते. मी त्याला म्हटले, "तुमच्या भिवापूरच्या सातऱ्यावर बाया मिरची निवडतात ना?"

श्रोत्यांपैकी काहींना ठाऊक नसेल. भिवापूरची मिरची नावाजलेली आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हंगामात लाल मिरची सातऱ्यावर पसरतात, आणि बाया रांगेने बसून देठ खुडतात, माल निवडतात. चांगली एकीकडे, डागी दुसरीकडे. सवयीच्या बाईचा हात असा चालतो की पाहणाऱ्याला वाटते, ही मिरचीकडे पाहतही नाही. पण तिला विचारा. ही कोणत्या रानातली, पाऊस लागलेली की कोरडी, तिखटाला कशी निघेल, हे ती हाताच्या स्पर्शावरून सांगेल. मिरची चाखून पाहायला तिला सवड नाही. तरी मिरची तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळत नाही.

वर्गीकरण म्हणजे हेच निवडणे होय. समजा, हातात एक पुस्तक आले, 'नागपूर जिल्ह्यातील मिरचीवरील रोग आणि उपाय'. रंगनाथनांच्या पद्धतीने विद्यार्थ्याने विचारायचे असते की यातील मुख्य वस्तू कोणती? मिरची. तिचे काय झाले? रोग. त्यावर काय केले? उपाय. कुठे? नागपूर जिल्ह्यात. कोणत्या काळी? या प्रश्नांची उत्तरे मलपृष्ठावरून मिळत नाहीत. त्यासाठी प्रस्तावना वाचावी लागते, अनुक्रमणिका पाहावी लागते, एखादे प्रकरण चाळावे लागते, मागची सूची तपासावी लागते. अहो, हे वाचनच नव्हे काय? परीक्षेपुरता क्रमांक काढायचा तर हे ओझे आहे. पण पुस्तकाची ओळख करून घ्यायची म्हणून केले, तर वीस पुस्तकांच्या मागे वीस ओळखी पदरात पडतात.

मराठीत या तऱ्हेच्या वाचनाचा मोठा दाखला आहे तो शंकर गणेश दाते यांचा. १८०० सालापासून १९३७ पर्यंत मराठीत छापल्या गेलेल्या ग्रंथांची सूची त्यांनी सिद्ध केली, आणि पुढे १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग केला. कोणते पुस्तक, कोणाचे, कुठे छापले, केव्हा, किती पानांचे, कोणत्या विषयाचे. ही सारी पुस्तके पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची म्हटली, तर एका माणसाचे आयुष्य पुरले नसते. पण त्यांनी ती ओळखली. आज मराठीच्या इतिहासावर काही लिहू पाहणारा अभ्यासक या सूचीपाशी येतोच. एका माणसाच्या चाळण्यावर शेकडो माणसांचे वाचन उभे राहिले!

मात्र इथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. नुसत्या ओळखीवर कोणी ग्रंथपाल होत नाही. गावातल्या सगळ्यांशी राम-राम आहे, पण जिवाभावाचा एकही नाही, अशा माणसाचे मन कोरडे पडते. म्हणून काही पुस्तके तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, परीक्षेचा विचार न करता वाचली पाहिजेत. ज्याला स्वतःला कधी एखाद्या पुस्तकाने रात्रभर जागवले नाही, तो दुसऱ्याच्या हातात पुस्तक देताना काय सांगणार?

आणि हा प्रश्न एका विद्यार्थ्यापुरता नाही, बरं का. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार गावोगावच्या वाचनालयांना मान्यता मिळू लागली, अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि अनुदान मिळू लागले. पण खेड्यातल्या वाचनालयात बहुधा एकच माणूस असतो. तोच कुलूप उघडतो, तोच झाडतो, तोच नोंद करतो. तो उद्या हाच भिवापूरचा तरुण असेल. एखादा शेतकरी येऊन म्हणेल, "भाऊ, मिरचीची पानं आकसून राहिली, काही लिहिलं आहे का कुठं?" नुसता अभ्यासक्रम पाठ केलेला ग्रंथपाल म्हणेल, "६३३ च्या कपाटात पाहा." पुस्तके ओळखणारा ग्रंथपाल उठेल, पुस्तक काढील, पान उघडून देईल. आणि ज्याने पुस्तके जिवाने वाचली आहेत, तो त्या शेतकऱ्याच्या मुलीला, जी दारात उभी राहून कपाटाकडे पाहते आहे, एक गोष्टीचे पुस्तकही देईल. त्या दोघांना पुढे पुस्तक मिळेल की नाही, हे या एका माणसावर अवलंबून आहे. म्हणून त्याचे वाचन सुटता कामा नये.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. आपल्या शाळेतही पुस्तकांचे कपाट असते. त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे, आणि ते शेवटचे केव्हा उघडले, हे एकदा पाहावे. पुस्तक हरवेल या भीतीने आपण ते कोंडून ठेवतो. पण कुलपात राहून ते वाळवीच्या तोंडी जाते, तेव्हा ते हरवल्यासारखेच नाही का? आपण वर्गात अभ्यासक्रम पुरा करतो, ते कर्तव्यच आहे. पण आठवड्यातून एक तास ते कपाट उघडे राहिले, तर अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही.

शेवटी त्या तरुणाला मी एवढेच म्हटले, "बाळ, परीक्षेच्या महिन्यात वाचन मागे पडेल, त्याची खंत करू नकोस. पण एरवी ज्या पुस्तकांना तू क्रमांक देशील, त्यांतले आठवड्याला एक निवड, घरी ने आणि सबंध वाच. मग रविवारी तुमच्या गावच्या वाचनालयात कोणाला तरी त्याच्याविषयी सांग. निवडण्यात तुझा अभ्यास होईल, वाचण्यात तुझे मन भरेल, आणि सांगण्यात तू ग्रंथपाल होशील."

तो मान डोलावून बसकडे निघाला. वळून म्हणाला, "गुरुजी, एक पुस्तक आजच काढून ठेवलं होतं. नंबर देल्ला, पण उघडलं नोहोतं." बस सुटेपर्यंत मी तिथेच उभा होतो. खिडकीपाशी त्याला जागा मिळाली होती, आणि मांडीवर पुस्तक उघडे होते.